यातलं तुमचं कुठलं?

कुंपणापाशी घडीची खुर्ची उघडली
की कुणीतरी विचारतंच.
आज त्या निळ्या टोपीच्या इटालियन बाईने विचारलं,
कागदी पुडीतल्या चेरी पुढे करत.
म्हटलं, एकही नाही. तसे चारही.
तिला इंग्रजी कळलं नसावं.
चेरी मात्र दिल्या.

एकतीस वर्षं स्टोकच्या कारखान्यात
मी कपांना कान लावले.
ओला कप, ओला कान,
अंगठ्याने एकदा दाबायचं, की पुढचा.
निवृत्तीच्या वर्षी क्लबच्या भिंतीशी
एकटीच खेळणारी आठ वर्षांची पोर दिसली,
केझाया ऑलरेन्शॉ.
बघायला म्हणून थांबले.
अजून थांबलेय.

तिच्यामागून हे गाव. आर्नोचा काठ,
कातडी कमावण्याचा वास,
ब्रेडलाही येतो तो, तिसऱ्या दिवशी येईनासा होतो.
वहीत आपली चार नावं.
मॅग्नस पहिल्याच फेरीत गेला.
ऑर्कनीच्या वाऱ्यात वाढलेला पोरगा,
इथे पानही हलेना, तर चेंडू हातभर लांब.
फ्लोराच्या रॅकेटा विमानतळावरच राहिल्या,
उसनीवर जिंकली, मग उसनीवरच हरली.
इडोवूने पेकमला आईला फोन लावला
आणि स्कोअर उलटा सांगितला.
मी शेजारीच होते. मूग गिळले.

कोर्ट नऊला पंच नसतो.
आपल्या बाजूचा चेंडू ज्याचा त्याने ठरवायचा.
फलकही नाही, पोरी गुण पुटपुटतात,
मी जिवाचा कान करून बसते.
तिसरा सेट. पाच-सहा. तीस-चाळीस.
समोरच्या स्लोव्हाक पोरीने जीव खाऊन मारलेला चेंडू
माझ्यापासून दोन हातांवर पडला.
केझायाने बोट वर केलं. आऊट.

माती मी ओळखते.
खूण रेषेला टेकली होती,
कपाला कान टेकतो तशी,
केसाएवढी, पण टेकलेली.
केझाया वाकली. बघत राहिली.
आणि रॅकेटने दाखवली दुसरीच खूण,
जुनी, चार बोटं बाहेरची.
स्लोव्हाक पोर नेटला वळसा घालून आली,
वाकून पाहिलं,
वेणी पुन्हा घट्ट केली, आणि परत गेली.

टायब्रेक केझायाने सात-दोन घेतला.
वहीत लिहिलं: विजयी.
पेन्सिलीचं टोक मोडलं, पण ते कधीही मोडतं.

रात्री लाँड्रीत ती एकटीच,
मोज्यांचा लाल रंग निघत नव्हता.
तुम्ही कुंपणापाशीच होतात ना?
म्हटलं, डोळ्यांवर ऊन होतं गं.
ती म्हणाली, नव्हतं.
ऊन तुमच्या पाठीला होतं.

मशीन भरलं, रिकामं झालं, पुन्हा भरलं.
मग मी तिला त्या कपाचं सांगितलं.
कानापाशी बारीक चीर होती, मला दिसली होती,
शुक्रवार होता, बस चुकली असती,
पुढे जाऊ दिला.
फुटला?
काय माहीत. कुणाच्या तरी घरी गेला.
चहा ओतला असेल त्यात, उकळता.
ती हसली नाही.
ओले मोजे तसेच पिशवीत कोंबले
आणि चौदा वर्षांच्या पोरी चालत नाहीत
इतकी सावकाश गेली.

सकाळी खुर्ची लवकर मांडली.
कोर्टवर पाणी मारणारा म्हातारा
रेषा झाडत होता,
कालचं काहीच नव्हतं तिथे.
निळी टोपी आलीच, नवी पुडी घेऊन,
आणि तोच प्रश्न, हातवाऱ्यांनी.
केझाया बाकावर बुटांच्या नाड्या बांधत होती,
सोडत होती, परत बांधत होती.

मी बोट दाखवलं.
ती.